शेपटाला आधी पाणी

१४ मे. लाखोळीला ऊन दाखवायचं होतं. घरात या कडधान्याची दोन पोती होती, मार्चपासून कोपऱ्यात उभी. मेच्या मध्यावर एकदा कडक ऊन दिलं नाही तर पावसाळ्यात इतके किडे होतात की पोत्यात हात घालवत नाही. काम सोपं आहे, पण एकटीचं नाही. एकीने पोत्याचं तोंड धरायचं, दुसरीने बूड उचलायचं आणि स्लॅबवर अंथरलेल्या जुन्या लुगड्यांवर दाणे सोडायचे. तेही आठच्या आत. नऊनंतर स्लॅबवर पाय टेकवत नाही.

पोत्याचं तोंड धरणारी म्हणजे माझी लेक. ती बारा वर्षांची होती तेव्हापासून हे काम आम्ही दोघींनी केलं. आता बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन ती घरी होती, म्हणजे हात रिकामे होते. मी वरून हाक मारली.

"पाच मिनिटं, आई!"

दहा मिनिटांनी पुन्हा मारली.

"आता थांबवता नाही येत वं आई! लढाई सुरू आहे!"

आणि खालून दोघींचं हसू ऐकू आलं. एक लेकीचं, दुसरं माझ्या धाकट्या जावेचं.

पोतं मी एकटीनेच ओतलं. पाव हिस्सा दाणे लुगड्याबाहेर गेले. उकिडवं बसून ते वेचताना मला राग आला आहे असं मी स्वतःला सांगत होते. राग नव्हता, हेवा होता. राग असता तर खाली जाऊन दोघींना दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते.

जाऊ पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. मूळची नागपूरची. दीर कंपनीच्या कामाने सहा महिने परदेशी गेले म्हणून ती बुद्धपौर्णिमेला गावी आली. विहारातली खीर खाऊन चार दिवसांत परत जायची होती. पण ग्रामपंचायतीत नवं जोराचं नेट आलं होतं, त्याची वायर आमच्या घरापर्यंत ओढून घेता आली, आणि तिचं कामच असं की नेट असलं की गाव काय आणि पुणे काय. ती राहिली. दुपारी दोननंतर तिचं ऑफिस सुरू व्हायचं. सकाळ मोकळी.

तिच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. आपलं ताट आपण घासायची. लाइट गेली तरी कुरकुर नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी "ताई, मस्त झालं" म्हणून खायची. एखादी खोट सापडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. दोन आठवडे शोधली, नाही सापडली. मला एवढंच दिसत होतं की माझी लेक आता केस तिच्यासारखे वर गुंडाळते, चहा तिच्यासारखा बिनसाखरेचा पिते आणि दर वाक्याला "अॅक्च्युअली" म्हणते. जूनमध्ये ती एम.एस्सी.ला पुण्याला जाणार, काकूच्याच घरी राहणार, हे ठरलेलं होतं. त्याला मीच हो म्हटलं होतं. पण जायला अजून महिना होता, आणि तो महिना माझा होता असा माझा समज होता.

त्यात हा गेम आला.

जावेच्या सांगण्याप्रमाणे या गेमची ती दोन वर्षं वाट पाहत होती. आकाशातला. बाजारात आला त्याच दिवशी तिने तो नेटवरून उतरवून घेतला. त्याला एक रात्र आणि अर्धा दिवस लागला आणि तेवढा वेळ गावातल्या निम्म्या लोकांचे व्हिडिओ अडकून राहिले. तिचा लॅपटॉप चांगला पाट्याएवढा जड, आणि तो गेम लावला की मळणीतल्या उफणायच्या पंख्यासारखा घरघरायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. तिसऱ्या दिवशी दोघी नाश्ताही त्याच्यासमोर करू लागल्या.

मला एक गोष्ट जास्त लागली. मे महिन्यात आमच्याकडे पाण्याच्या पाळीचं रजिस्टर निघतं. आमच्या गावाला जुना तलाव आहे. त्याच्या पाण्यावर गावातले बहुतेक धान. पाणी लागतं दसऱ्याच्या आसपास, धान निसवायला आलं आणि पावसाने तोंड फिरवलं की. पण कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या तुकड्याला, कधी पाणी, हे आम्ही उन्हाळ्यातच लिहून टाकतो, कारण भांडायचंच असेल तर मेमध्ये भांडावं, तेव्हा कोणाच्या हातात फावडं नसतं. पूर्वी हे काम एक म्हातारे पाणकर करायचे. ते गेल्यावर कोणत्याच पुरुषाचं नाव दुसऱ्या पुरुषाला चालेना, तेव्हा पाणी समितीचं हे रजिस्टर माझ्याकडे आलं. आमच्या बांध्या मधोमध आहेत, तलावाशीही नाहीत आणि शेवटालाही नाहीत, म्हणून माझ्यावर कोणाला संशय नाही.

आमच्या तलावाचा नियम एकच: शेपटाला आधी पाणी. सगळ्यात लांबच्या बांधीपासून सुरुवात करायची आणि तलावाकडे येत जायचं. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण तलावाच्या बांधाखालच्या बांध्यांना पाझर मिळतो. पाणी सोडलं नाही तरी त्यांची माती ओली राहते. त्यांना थांबायला लावलं तर ते मरत नाहीत. शेपटाचा मरतो.

हे रजिस्टर मी आणि लेक मिळून लिहायचो. ती आठवीत असताना एकदा म्हणाली, "आई, तुझं अक्षर कोणाले वाचता येत नाही, दे इकडे." तेव्हापासून मी सांगायची, ती लिहायची. मागच्या वर्षी कोणाची पाळी चुकली, कोणाने बांध फोडला, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून त्याला दोन दिवस मागे घ्यायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. त्या आठ दिवसांत आमच्या जेवढ्या गप्पा व्हायच्या तेवढ्या वर्षभर होत नसत.

या वर्षी मी रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. दोन दिवसांनी पाहिलं तर त्यावर लॅपटॉप. लॅपटॉप उचलून रजिस्टर काढलं तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेनाने ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

"हे काय?"

"नकाशा आहे, आई. कोणत्या ताऱ्यावरून कुठं जाता येते त्याचा."

"हे समितीचं रजिस्टर आहे."

"मागचंच पान आहे ना. कोण पाहाते?"

"ताई, सॉरी, मीच म्हटलं तिले का काढ," जाऊ म्हणाली. लगेच. दुसरीचा दोष अंगावर घ्यायचीही तिला सवय होती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या मागे उभी राहून गेम पाहिला. पाहायचं नव्हतं, पण निघताही आलं नाही. काळा पडदा, त्यावर ज्वारी सांडावी तसे तारे. जवळ गेलं की एकेका ताऱ्याभोवती ग्रह फिरताना दिसतात. एक ग्रह आपला. तिथं आपली माणसं, त्यांना अन्न लागतं, वीज लागते, घरं लागतात. हळूहळू दुसऱ्या ग्रहांवर वस्ती करायची. शेजारी दुसरे लोक, त्यांचे ग्रह. एकांची तोंडं थेट झिंग्यांसारखी, मिशांसकट. त्यांच्याशी करार करायचे, नाही जमलं तर लढायचं. डाव्या हाताला सारख्या चिठ्ठ्या येतात: हे संपलं, ते उरलं, अमुक नाराज आहेत.

मला वाटलं होतं बंदुका चालवायच्या असतील. बंदुका कमीच होत्या. बहुतेक वेळ दोघी याद्या पाहत होत्या आणि कोणाला किती पाठवायचं यावर वाद घालत होत्या.

"हे इकडचं अन्न तिकडं कोण नेते?" मी विचारलं.

"जहाजं नेतात, ताई. आपोआप."

"आणि रस्त्यात कोणी काढून घेतलं तर?"

दोघी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. लेक म्हणाली, "आई, तिथं कोणी रात्री येऊन बांध नाही फोडत."

"यात धान नसते होत, ताई," जाऊ म्हणाली आणि पुन्हा हसली.

मी आत गेले. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुलेच पाठवाले पाहिजे होतं वर. दोन दिवसांत सगळ्या ताऱ्यांची पाळी लावून आली असती." लेक हसली, जाऊ हसली. मी वाढत राहिले.

लाखोळीच्या दुसऱ्या पोत्याचं राहिलंच होतं. दोन दिवसांनी, १६ तारखेला, मी ते काढायचं ठरवलं. पण सकाळी जाऊ म्हणाली, आज माझी सुट्टी आहे, गोसीखुर्दला जाऊ, धरणाचं पाणी पाहू, येताना अड्याळच्या बाजारात थांबू.

"ताई, तुम्ही पण चला ना."

"माझी लाखोळी आहे."

"आई, लाखोळी उद्या नाही का होत?"

"तुम्ही जा," मी म्हटलं. त्यांनी आणखी एकदा आग्रह केला असता तर मी गेले असते. त्यांनी केला नाही. मोटारसायकलवर बसल्या आणि गेल्या. जाता जाता जाऊ मागे वळून म्हणाली, "ताई, कंटाळा आला तर गेम लावा! नवीन सुरू करा, मजा येईल!"

पोतं मी काढलं नाही. अकरा वाजता घर झाडलं, भांडी आवरली आणि लॅपटॉपसमोर बसले. इंग्रजी मला वाचता येतं. बारावीपर्यंत शिकले आहे आणि समितीची सरकारी पत्रं मीच वाचते. झाकण उघडलं तर गेम लावलेलाच होता, पडद्यावर दोन ओळी दिसल्या. एक, नवीन खेळ. दुसरी, आधीचा खेळ पुढे चालवा. मी दुसरी दाबली. कारण मला गेम पाहायचा नव्हता. त्या दोघींनी तिथं काय केलं आहे ते पाहायचं होतं.

तारे उघडले. मी एकेका ग्रहावर जाऊन त्याचं नाव वाचू लागले आणि माझा हात थांबला. चिंचेची बांधी. गोटाड. खालचा तुकडा. मोहाखालची. लांब कडेला, रेघ संपते तिथं, शेपटाची. हे सगळे आमच्या तलावाखालचे तुकडे. लेकीने ग्रहांना बांध्यांची नावं दिली होती.

कोणी म्हणेल, आईला आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही. ती नावं मी तिला सांगितलेली होती, रजिस्टर मांडीवर घेऊन, एकेका बांधीची गोष्ट सांगत. गोटाडमध्ये नांगर का मोडतो, मोहाखालचीवर दोन भाऊ आठ वर्षं का बोलले नाहीत. ते सगळं उचलून तिने काकूला दिलं होतं. मला न विचारता. माझ्याकडे आता वेगळं असं काय उरलं?

मग मी खेळले. रागाने सुरुवात केली, पण खरं सांगायचं तर पुढचा दीड तास मी राग विसरले. गेम चांगला आहे. सुरुवातीला काही कळत नाही, सतरा खिडक्या उघडतात आणि बंद कुठून करायच्या ते सापडत नाही. पण त्यातलं मूळ काम माझ्या ओळखीचं होतं. असलेलं थोडं, मागणारे जास्त, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यावर अन्याय होतो आहे. नाराज ग्रहांच्या चिठ्ठ्या वाचताना मला माणसांचे चेहरे दिसत होते. एक झिंगा पुन्हा पुन्हा करार करायला यायचा आणि पुन्हा पुन्हा एक अट वाढवायचा. असा एक जण आमच्या समितीतही आहे.

आणि मला हेही कळलं की तिथं सगळं थांबवता येतं. कीबोर्डवरची लांब पट्टी दाबली की तारे, जहाजं, लढाई, सगळं जागच्या जागी. हवा तेवढा वेळ. मी पट्टी दाबून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा दाबली. थांबवता नाही येत वं आई. अकरा दिवस ती मला हे सांगत होती आणि अकरा दिवस मी ते खरं मानून एकटी कामं करत होते.

यानंतर मी जी चूक केली ती अडाणीपणाची होती. अन्न कोणाला आधी जावं याची एक यादी असते. त्या दोघींनी सगळ्यात वर आपला मूळ ग्रह ठेवला होता आणि सगळ्यात खाली शेपटाची. मला ते पाहवेना. माझ्या लेकीला नियम माहीत असून तिने शेपटाला खाली ठेवलं! मी यादी उलटी केली. एकेक नाव ओढून वर नेलं. शेपटाची पहिली, मूळ ग्रह शेवटचा. मग वेळ जोरात सोडली.

दहा मिनिटं ठीक चाललं. शेपटाचीवर लोक वाढले, मला बरं वाटलं. मग मूळ ग्रहावरून चिठ्ठ्या यायला लागल्या. अन्न कमी. अन्न नाही. लोक नाराज. मी मनात म्हटलं, ओरडू दे, डोक्याचे, तलावाजवळचे लोक नेहमीच ओरडतात, त्यांना पाझर आहे. कारखाने बंद पडले. मग जहाजं निघेनात, कारण जहाजं तिथंच बनत होती. जहाजं नाहीत म्हणून शेपटाचीलाही काही पोचेना. शेवटी चिंचेची, गोटाड आणि खालचा तुकडा या तिघांनी मिळून आपलं वेगळं राज्य जाहीर केलं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्याकडे महिनोन्महिने कागद या कचेरीतून त्या कचेरीत जात होते. इथं एका क्षणात झालं, नकाशावर रंग बदलला आणि संपलं. झिंग्यांनी संधी साधून उरलेल्यावर चढाई केली.

मी पट्टी दाबली. सगळं थांबलं. दुपारचा एक वाजून गेला होता.

इथपर्यंत चूक होती. पुढचं चुकून झालं नाही. मी बंद करायला गेले तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: त्याच नावाने ठेवायचं का, आधीचं पुसलं जाईल. खाली हो आणि नाही. मी तो प्रश्न दोनदा वाचला. नाही दाबलं असतं तर त्या दोघींचं राज्य जसंच्या तसं राहिलं असतं आणि मी बसले होते हे कोणाला कळलंही नसतं. मला त्यांचं हसू आठवलं. यात धान नसते होत, ताई. मी हो दाबलं. गेम बंद करायचं बटण शोधलं नाही, झाकण लावलं, वर लेकीने ठेवला होता तसा रुमाल घातला आणि लाखोळी निवडत बसले.

पाच वाजता दोघी आल्या, उन्हाने लाल झालेल्या आणि खूश. धरणावरच्या कोळ्याकडून मासे आणले होते. मी मासे घेऊन मागच्या ओट्यावर गेले. पाच मिनिटांत आतून जावेचा आवाज आला.

"अरे यार! हे काय झालं?"

मी सुरी खाली ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिले.

"चाळीस वर्षं पुढं गेला गेम. सगळं गेलं. हे पाहा, तीन ग्रह फुटले." ती माऊस सारखा फिरवत होती. "तू सकाळी पॉज केला होता ना? शेवटी तूच बसली होती."

लेक वाकून पाहत होती. यादी उघडली होती. शेपटाची सगळ्यात वर, मूळ ग्रह सगळ्यात खाली. तिने ती यादी वरून खालपर्यंत वाचली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढंच, एक क्षणभर. आकाशातलं राज्य चालवायला बसलेल्या सगळ्या माणसांत शेपटापासून वाटणी सुरू करणारी एकच बाई असणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"नाही, काकू," ती म्हणाली. "पॉज करायचा राहूनच गेला वाटते माझ्याकडून. चालत राहिला असेल."

"आणि ही यादी कशी उलटी झाली?"

"नवीन गेम आहे. काहीतरी गडबड असेल त्यात."

"गडबड असेल," जाऊ म्हणाली. "पण तू पॉज करायला पाहिजे होतं. अकरा दिवस गेले आपले." ती ओरडली नाही. फक्त झाकण लावलं, नेहमीपेक्षा जरा जोरात, आणि "मी आंघोळ करते" म्हणून उठली. लेकीकडे न पाहता गेली.

लेक तिथंच बसून राहिली. हिरमुसलेली, लहानपणी शाळेत शिक्षा झाली की बसायची तशी. मला जे पाहायचं होतं तेच माझ्यासमोर होतं: ती एकीकडे, काकू दुसरीकडे. पाहून काही सुख झालं नाही.

थोड्या वेळाने ती ओट्यावर आली. मी मासे धूत होते. तिने माझ्या हातावर पाण्याचा मग ओतला आणि हळू आवाजात म्हणाली, "आकाशात पाझर नसते, आई."

मी पुढचा मासा उचलला.

"आपण शेपटाले आधी देतो कारण डोक्याले पाझर भेटते. तिथं कुठला पाझर? डोकंच उपाशी मेलं."

"मग तू काकूले खरं काहून नाही सांगितलं?"

"तू सांग. तुझं आहे ते."

"आणि थांबवता नाही येत, ते कोणाचं आहे? लांब पट्टी दाबली का थांबते. पाहिलं मी."

तिने मग खाली ठेवला. "एक दिवस म्हटली मी."

"अकरा दिवस."

"हो. अकरा दिवस." ती म्हणाली, "मले उठावंसं नाही वाटत होतं. पण तुझं काही पुसलं नाही मी."

तिचं बरोबर होतं. मी मासे तळले, चौघं जेवलो. जावेने त्या रात्रीही "ताई, मस्त झाले" म्हटलं. लेकीशी ती जेवढ्यास तेवढं बोलली आणि लेकीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

१७ तारखेला सकाळी साडेपाचला उठून मी चहा केला. जाऊ अंगणात ब्रश करत होती. तिचं तोंड धुऊन होईपर्यंत थांबले, कप हातात दिला आणि सांगितलं, "तुझा गेम मी पुसला. यादी मी उलटी केली. ती गडबड नव्हती. पोरीने पॉज केला होता."

"चुकून झालं असेल, ताई."

"यादी चुकून. पुसलं ते चुकून नाही. विचारलं होतं त्याने, मी हो म्हटलं."

ती कप तसाच धरून उभी राहिली. "काहून पण?"

"तुम्ही दोघी खाली हसत होत्या आणि मी वर एकटी पोतं ओतत होती."

तिला हे समजायला जरा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी जरा रागाने बोलली. "मले हाक मारायची होती ना. मी धरलं असतं पोतं. तुम्ही तिलेच हाक मारत होत्या, मले एकदाही नाही." हे खरं होतं. मला ते सुचलंच नव्हतं. तिने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "दुसरं पोतं कुठं आहे?"

आम्ही ते वर नेलं. तिने तोंड धरलं, मी बूड उचललं. तिने पोत्याच्या तोंडाची घडी आतल्या बाजूला वळवून घेतली होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं, आणि लेकीलाही कधी सुचलं नव्हतं. एक दाणा बाहेर गेला नाही. ते पाहून मला पुन्हा तिचा हेवा वाटला.

खाली आले. लेक डोक्यावरून चादर घेऊन झोपली होती. तिच्या पायाशी उभी राहून मी म्हटलं, "काकूले सांगितलं."

"बरं," चादरीतून आवाज आला.

मी टेबलावरचा लॅपटॉप बाजूला सारला, रजिस्टर घेतलं आणि तिथंच खाटेच्या कडेला बसून माझ्या वाईट अक्षरात पहिली ओळ लिहिली: शेपटाची बांधी. दुसऱ्या ओळीवर खालचा तुकडा लिहायला पेन टेकवलं.

"आई," चादरीतूनच ती म्हणाली, "मागच्या साली मोहाखालचीची पाळी चुकली होती. त्याले यंदा दुसरा टाक."

टाकला.